आधी चेंबर, मग फ्लश : दहा वर्षांच्या एका हॅचबॅकचे प्रकरण

२०२२ च्या दिवाळीनंतर माझ्या भाच्याने कोल्हापुरात एक जुनी पेट्रोल हॅचबॅक विकत घेतली. मॉडेल २०१२ चे, इंजिन १.२ लिटरचे, चार सिलिंडरचे. मीटरवर ७१ हजार किलोमीटर आणि व्यवहार दोन लाख तीस हजारांचा. पहिले मालक शहरातले एक डॉक्टर होते. त्यांनी ती आठ वर्षे वापरली. पण घर ते दवाखाना हे अंतर साडेतीन किलोमीटरचेच असल्यामुळे इंजिन धड तापण्याआधीच ते बंद होई, आणि हे दिवसातून चार वेळा. सर्व्हिस बुकात २०१७ पर्यंतचे शिक्के होते, पुढची पाने कोरी. मधल्या दुसऱ्या मालकाने दोन वर्षांत गाडीचे काय केले, याची एकही पावती मिळाली नाही.

गाडी घेऊन तीन आठवडे झाल्यावर भाचा ऑइल बदलायला एका सर्व्हिस सेंटरमध्ये गेला. तिथल्या माणसाने ऑइल भरायचे झाकण उघडले, मोबाइलचा उजेड आत टाकला आणि कॅमशाफ्टच्या (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) कडेने बसलेला काळा, जाड थर त्याला दाखवला. इंजिन फ्लश करून घ्या, साडेसहाशे रुपये जास्त लागतील, पंधरा मिनिटांत सगळे स्वच्छ होईल, असा सल्ला मिळाला. भाच्याने तिथूनच फोन केला : "मामा, करून टाकू का? साडेसहाशेचाच प्रश्न आहे." मी त्याला काहीही न ओतता, जुने ऑइलसुद्धा तसेच ठेवून गाडी घेऊन यायला सांगितले. सल्ला देणारा माणूस खोटे बोलत नव्हता. थर खरोखरच होता, आणि बाटलीतल्या द्रवाने तो बऱ्यापैकी सुटलाही असता. माझी अडचण त्याच्या पुढची होती : सुटलेला थर जाणार कुठे?

फ्लशच्या बाटलीत साधारण तीनशे ते साडेचारशे मिलिलिटर द्रव असतो. त्याचा मोठा भाग रॉकेलच्या कुळातला पातळ विद्रावक आणि उरलेला भाग मळ सोडवणारी रसायने. इंजिन गरम असताना ते जुन्या ऑइलमध्ये ओतायचे, गाडी जागेवर उभी ठेवून दहा-पंधरा मिनिटे इंजिन आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, चालवायचे आणि लगेच सगळे ऑइल काढून फिल्टरसह बदलायचे, एवढीच कृती. या काळात गाडी चालवू नये, असे बाटलीवरच छापलेले असते, कारण पातळ झालेल्या ऑइलचा पदर भार सोसण्याच्या लायकीचा राहत नाही.

या कृतीबद्दल जी भीती सर्वांत जास्त बोलली जाते, ती माझ्या मते सर्वांत कमी महत्त्वाची आहे. ऑइल काढले तरी पाव लिटरभर इंजिनात राहतेच, त्यात फ्लशचा अंश असतो आणि तो नव्या ऑइलला बिघडवतो, असे म्हटले जाते. हिशेब केला, तर तीन लिटर ऑइलमध्ये तीनशे मिलिलिटर फ्लश घातल्यावर मागे राहणाऱ्या पाव लिटरात फ्लशचा वाटा पंचवीस मिलिलिटरच्याही आत येतो. म्हणजे नव्या तीन लिटरांत एक टक्कासुद्धा नाही. आयडलवर बेअरिंगवरचा भारही थोडाच असतो, त्यामुळे पंधरा मिनिटांच्या पातळ ऑइलने निरोगी इंजिन झिजत नाही. "मळ निघाला की सील गळायला लागतात" हे विधान अर्धेच खरे आहे : मळ सीलचे काम करत नाही, फार तर आधीच गेलेले सील तो झाकून ठेवतो.

खरा धोका समजायला ऑइलची वाट डोळ्यांपुढे आणावी लागते. इंजिनाच्या तळाशी जे पत्र्याचे किंवा ॲल्युमिनियमचे भांडे असते, ज्याला आपल्याकडचे मिस्त्री चेंबर म्हणतात, त्यात ऑइल साठते. चेंबरच्या तळापासून थोडे वर एक जाळी लावलेला स्ट्रेनर असतो, त्यातून पंप ऑइल ओढतो, पंपानंतर फिल्टर येतो आणि फिल्टरमधून ते क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या, बेअरिंगांकडे व शेवटी वर हेडकडे, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाकडे, जाते. फिल्टर पंपाच्या पुढे आहे, मागे नाही, ही गोष्ट इथे निर्णायक ठरते. हेडमधून सुटलेला थर आधी खाली चेंबरमध्ये पडणार आणि त्याची पहिली गाठ पडणार ती जाळीशी. फिल्टर चोंदला तर त्यात बायपास व्हॉल्व्ह असतो, ऑइल न गाळता का होईना पुढे जाते. जाळी चोंदली, तर पंपाला पुरेसे ऑइल मिळत नाही, आणि पंप कितीही धडधाकट असला तरी ओढण्याच्या बाजूने त्याला मदत असते ती फक्त वातावरणाच्या दाबाची, म्हणजे सुमारे १४.७ पीएसआयची (पौंड प्रति चौरस इंच). क्रँक आणि त्याचे बेअरिंग यांच्यातली फट साधारण दोन ते पाच शतांश मिलिमीटरची, केसाच्या जाडीहून कमी. तिथे ऑइलचा पदर तुटला की धातू धातूला लागतो, आणि नंतर "इंजिन काम" हे दोन शब्द ऐकावे लागतात.

म्हणून फ्लश चांगला की वाईट, हा प्रश्नच मला अपुरा वाटतो. ज्या गाडीचे ऑइल वेळच्या वेळी बदलले आहे, तिच्यात सुटण्यासारखे फारसे काही नसते, फ्लश निरुपद्रवी आणि बहुधा अनावश्यक ठरतो, आणि मालक समाधानाने सांगतो की काहीच झाले नाही. ज्या गाडीत गाळ भरपूर आहे, तिला स्वच्छतेची गरज सर्वांत जास्त आणि फ्लशचा धोकाही सर्वांत जास्त. "मी तीन गाड्यांना फ्लश केला, एकीलाही त्रास झाला नाही" हा दाखला म्हणूनच उपयोगाचा नाही. त्या तिन्ही आतून कशा होत्या, हे कोणी पाहिलेले नसते.

इथे एक जुनी सवयही मध्ये येते. पद्मिनी आणि ॲम्बेसेडरच्या काळात ऑइल बदलताना रेशनचे निळे रॉकेल किंवा डिझेल घालून इंजिन पाच मिनिटे फिरवायचे, ही अनेक गॅरेजांची पद्धत होती. तेव्हाच्या साध्या ऑइलमध्ये मळ धरून ठेवणारी रसायने कमी असत, मळ बसत असे, शिवाय चेंबर उतरवणे हे अर्ध्या दिवसाचे नेहमीचे काम होते. मी कार्यशाळेत देखरेखीला असताना एका गॅरेजातून आमच्याकडे ओढून आणलेली एक गाडी आठवते : लिटरभर रॉकेल घालून फिरवलेली, नंतर नवे ऑइल भरून घाटात नेलेली. चेंबर उघडला तेव्हा जाळीवर डांबराची पोळी बसावी तसा सलग थर होता आणि दोन नंबरच्या पिस्टनचे बेअरिंग क्रँकवर फिरून निळे पडले होते.

भाच्याची गाडी शिवाजी उद्यमनगरात एका ओळखीच्या मिस्त्रींकडे नेली. झाकणातून दिसते ते इंजिनाच्या एका कोपऱ्याचे दृश्य असते, त्यावरून तळाचा अंदाज बांधता येत नाही. म्हणून पहिले काम ऑइल प्रेशर मोजण्याचे. डॅशबोर्डवरचा लाल दिवा यासाठी कुचकामी आहे, कारण तो दाब पाच पीएसआयच्या आसपास उतरल्याशिवाय पेटतच नाही. ऑइल प्रेशर स्विच काढून त्या जागी काट्याचा गेज बसवला, गाडी वीस किलोमीटर फिरवून आणली आणि गरम इंजिनावर आकडे घेतले. आयडलवर १६ पीएसआय, ३००० आरपीएमला ३१. कार्यशाळांत एक ढोबळ नियम चालतो, दर हजार आरपीएमला किमान दहा पीएसआय, त्या नियमाने गाडी काठावर का होईना पास झाली असती. पण ४००० आरपीएमला काटा ३१ वरच राहिला आणि थरथरू लागला.

ही थरथर महत्त्वाची होती. पंपाचा जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडल्यावरही दाब वाढायचा थांबतो, पण तो बराच वर, पन्नासच्या पुढे, आणि काटा तिथे स्थिर राहतो. इतक्या खाली अडकलेला आणि हलणारा काटा सांगत होता की पंपाला ओढायला पुरेसे ऑइल मिळत नाही, त्यात हवेचे बुडबुडे येत आहेत. बेअरिंगा झिजल्या असत्या तर आयडलचा आकडाही पडला असता. तो तर ठीक होता. आयडलवर ऑइल थोडेच लागते, तेवढे अर्धवट बंद जाळीतूनही मिळते. थोडक्यात, अडथळा पंपाच्या मागे होता, आणि आम्ही अजून एक थेंबही फ्लश घातलेला नव्हता.

चेंबर उतरवायला पाऊण तास गेला. बोल्ट सगळे निघाले, पण चेंबर सुटेना, मिस्त्रींनी पातळ पट्टी कडेने फिरवत तो हळूहळू सोडवला आणि कडेवर बोट फिरवून म्हणाले, "साहेब, ह्यो चेंबर आधी कुणीतरी खोललाय. पेस्ट बघा, नुसती थापलीया." कंपनीतून येताना सीलंटची एक बारीक, सारखी ओळ असते. इथे करड्या सिलिकॉनचा बोटाएवढा पट्टा आतल्या बाजूला ओसंडला होता आणि काही जागी तो तुटून गेला होता. तुटलेले तुकडे कुठे गेले, ते स्ट्रेनर हातात घेतल्यावर दिसले. जाळीच्या निम्म्याहून जास्त भागावर काळ्या, कुस्करल्यावर वाळूसारख्या होणाऱ्या खरपुड्यांचा थर होता आणि त्या थरात सिलिकॉनचे चार-पाच तुकडे शेवयांसारखे अडकले होते. सगळ्यांत लांब तुकडा माझ्या करंगळीच्या पेराएवढा होता.

सिलिकॉन कोणत्याही फ्लशने विरघळत नाही. सर्व्हिस सेंटरमध्ये ती बाटली ओतली असती, तर हेडमधला थर सुटून खाली आला असता आणि जाळीचा जो अर्धा भाग उघडा होता त्यावर बसला असता, नवे ऑइल चकचकीत दिसले असते आणि भाचा त्याच संध्याकाळी महामार्गाने साताऱ्याला निघाला असता, जसे त्याचे ठरलेच होते. इंजिन बसलेच असते, असे मी म्हणणार नाही. पण ४००० आरपीएमला आधीच धापा टाकणाऱ्या पंपावर ती परीक्षा घ्यायला मी तयार नव्हतो.

गाळ झाला कसा, हेही पाहण्यासारखे आहे. एक लिटर पेट्रोल जळते तेव्हा जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. बहुतेक सायलेन्सरवाटे जाते, पण थोडा वायू पिस्टन रिंगांच्या कडेने खाली उतरतोच. त्याच्यासोबत पाण्याची वाफ, अर्धवट जळलेले पेट्रोल आणि आम्ल ऑइलमध्ये मिसळते. इंजिन बराच वेळ गरम राहिले तर हे सगळे पुन्हा वाफ होऊन पीसीव्ही व्हॉल्व्हमधून, म्हणजे खाली उतरलेला वायू पुन्हा जळण्यासाठी परत पाठवणाऱ्या झडपेतून, बाहेर ओढले जाते आणि जळून जाते. साडेतीन किलोमीटरच्या फेरीत टेंपरेचरचा काटा मध्यावर आला तरी तो कूलंटचा असतो. ऑइल तापायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. पाणी आणि पेट्रोल ऑइलमध्ये मुरत राहते, ऑइलमधली मळ धरून ठेवणारी रसायने संपतात आणि मग मळ भिंतींवर बसू लागतो. डॉक्टरसाहेबांना वाटले असेल की गाडी वर्षाला चार-पाच हजारच चालते, ऑइल कशाला बदलायचे. पण अशा गाडीलाच किलोमीटरऐवजी महिने मोजून ऑइल बदलावे लागते. या गाडीचा पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून हलवला तर आवाज आला नाही, तो आत चिकटून बसला होता. चांगला व्हॉल्व्ह हलवल्यावर खुळखुळतो.

मात्र सगळा दोष मालकाच्या माथी मारण्याची घाई नको. टोयोटाच्या १९९७ ते २००२ या काळातल्या काही इंजिनांमध्ये गाळाच्या तक्रारी अमेरिकेत इतक्या वाढल्या, की कंपनीने आधी देखभालीकडे बोट दाखवले तरी २००२ मध्ये सुमारे ३३ लाख गाड्यांसाठी पहिल्या विक्रीपासून आठ वर्षांपर्यंत अशा नुकसानीची जबाबदारी घेतली. इंजिनाची रचना, आतले तापमान आणि वापर यांची बेरीज काय होते, हे बाहेरून कळत नाही.

चेंबर आणि स्ट्रेनर रॉकेलमध्ये भिजवून ब्रशने धुतला, जाळीतून हवा मारली, उजेडासमोर धरून एकेक भोक पाहिले. ज्या रॉकेलला मी इंजिनाच्या आत जाऊ दिले नाही, तेच बाहेर ट्रेमध्ये उत्तम काम करते. हेडवरचे झाकण, म्हणजे टॅपेट कव्हरही काढले. कॅमशाफ्टच्या आजूबाजूचा सैल गाळ प्लॅस्टिकच्या पट्टीने आणि चिंध्यांनी हाताने उचलला. जो थर वार्निशसारखा चिकटून होता, त्याला हात लावला नाही, कारण तो जागेवर बसून कोणाचे नुकसान करत नव्हता. दोन्ही जोडांवर सीलंटची तीन मिलिमीटरची ओळ देऊन, ती सुकायला रात्रभर वेळ देऊन सकाळी ५डब्ल्यू-३० सिंथेटिक ऑइल, नवा फिल्टर आणि नवा पीसीव्ही व्हॉल्व्ह बसवला. गेजवर आयडलला १७, ३००० ला ४६, ४००० ला ५४, आणि काटा स्थिर.

यापुढची स्वच्छता चांगल्या ऑइलवर सोडायची, असे ठरवले. आधुनिक ऑइलमध्ये मळ सोडवणारी आणि सोडवलेला मळ तरंगत ठेवणारी रसायने असतातच. फक्त ती हळू काम करतात आणि भरली की थकतात, म्हणून ऑइल लवकर बदलायचे. पहिला बदल ८०० किलोमीटरवर केला. ऑइल तेवढ्यात काळे झाले होते, आणि भाचा घाबरला; पण काळे ऑइल म्हणजे मळ उचलणारे ऑइल, ते चहासारखे सोनेरी राहिले असते तर मला जास्त काळजी वाटली असती. त्यानंतर १,२०० किलोमीटरांनी, म्हणजे एकूण २,००० किलोमीटर झाल्यावर, पुन्हा गेज लावला तेव्हा ४००० चा आकडा ५४ वरून ४७ वर आला होता.

मिस्त्रींचे म्हणणे, एवढे चालते. मी हट्ट धरून चेंबर दुसऱ्यांदा उतरवला. जाळीच्या साधारण पाव भागावर मऊ, काळे कण बसलेले होते, आमच्या हातून धुवून निघालेल्या जाळीवर, दोन हजार किलोमीटरांत. हे सगळे वरून आले होते. या प्रकरणातला मला सर्वांत बोलका वाटलेला पुरावा हाच : नुसत्या ऑइलने दोन हजार किलोमीटरांत जितका माल खाली आणला, तेवढा किंवा त्याहून जास्त फ्लशने पंधरा मिनिटांत आणला असता, आणि तोही आधीच अर्ध्या बंद असलेल्या जाळीवर. सावकाश मार्गही पूर्ण निर्धोक नव्हता, हे मात्र कबूल करावे लागेल. गेज लावला नसता तर आम्हीही पाच हजार किलोमीटर निश्चिंतपणे फिरलो असतो.

तिसरा बदल आणखी ३,००० किलोमीटरांनी झाला. ४००० चा आकडा ५३ वर टिकून होता. तोपर्यंतचा खर्च असा : ऑइल-फिल्टर तीन वेळा मिळून ५,७००, दोनदा चेंबर उतरवण्याची मजुरी ३,०००, सीलंट ७००, पीसीव्ही व्हॉल्व्ह ४२०, एकूण ९,८२० रुपये. साडेसहाशेच्या बाटलीपुढे हा आकडा मोठा दिसतो, आणि भाच्याच्या वडिलांनी तो बोलूनही दाखवला. हाफ इंजिनचे, म्हणजे इंजिन अर्धे खोलून करायचे, काम निघाले तर पन्नास हजारांच्या पुढे जाईल, असा मिस्त्रींचा अंदाज होता. मी मेहुण्यांना एवढेच सांगितले की गाडी घेण्यापूर्वी हा गेज लावला असता, तर दहा हजार किमतीतूनच वजा करून घेता आले असते. सौद्याआधी चेंबर कोणी उघडू देत नाही, पण प्रेशर स्विचच्या जागी गेज लावायला वीस मिनिटे लागतात.

एक गोष्ट मात्र सुधारली नव्हती. गाडी दर हजार किलोमीटरला सुमारे २५० मिलिलिटर ऑइल पीत होती. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, चारही सिलिंडरांत जवळजवळ सारखे होते, बॅक कॉम्प्रेशनही, म्हणजे रिंगांच्या कडेने खाली उतरणारा वायूही, फारसे नव्हते. म्हणजे संशय पिस्टनच्या सर्वांत खालच्या, ऑइल खरवडणाऱ्या रिंगांवर. त्यांची बारीक भोके कार्बनने भरली की ऑइल वर चढते. अशा जागी हात पोचत नाही आणि पट्टीही. तेव्हा २०२३ च्या ऑगस्टमध्ये, ७६ हजार किलोमीटरवर, आम्ही तीच बाटली आणली जिला नऊ महिन्यांपूर्वी नकार दिला होता. आता जाळी कशी आहे ते माहीत होते, हेडमध्ये सुटण्यासारखा सैल थर उरला नव्हता, आणि गेज जोडलेलाच होता. गरम इंजिनात फ्लश ओतला, घड्याळ लावून बारा मिनिटे आयडलवर ठेवले. आयडलचा दाब १७ वरून ११ पर्यंत उतरला, ऑइल पातळ झाल्यामुळे तो उतरणारच होता, पण काटा हलला नाही. मग सगळे ऑइल काढले, नवे भरले, फिल्टर बदलला.

पुढच्या तीन हजार किलोमीटरांत ऑइल लागले ६४० मिलिलिटर, म्हणजे हजाराला २१३. आधी २५०. हा फरक फ्लशचा की त्या महिन्यांत गाडी जास्त करून महामार्गावर चालल्याचा, हे मला सांगता येणार नाही, आणि डिपस्टिकवर मोजताना वीस-तीस मिलिलिटर इकडेतिकडे होतातच. फ्लशनंतर काढलेला फिल्टर मिस्त्रींनी करवतीने कापला. कागदाच्या घड्या उलगडल्या तेव्हा प्रत्येक घडीच्या तळाशी पिठासारखी काळी भुकटी होती. मी चुंबक फिरवला. एकही कण त्याला चिकटला नाही. शेवटच्या दोन घड्यांच्या मध्ये करड्या सिलिकॉनचा तांदळाच्या दाण्याएवढा एक तुकडा सापडला. तो पंपामधून पुढे कधी आला असेल कोण जाणे.